खुंटीवरची किल्ली

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं गाव चार दिवसांत भरून जातं. एरवी शांत असलेल्या रस्त्यांवर मिनीव्हॅनच्या रांगा लागतात. प्रत्येक गाडीच्या डिकीत साधारण तेच सामान: गुंडाळलेली गादी, गुडघ्याएवढा फ्रिज, टेबलफॅन, प्लास्टिकचे खोके, आणि आपल्याकडची मंडळी असली तर वरच्या पिशवीत चिवड्याचा डबा. शँपेन आणि अर्बाना ही इलिनॉय राज्यातली जुळी गावं, शिकागोपासून सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला. चारी बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन, आणि मधोमध इलिनॉय विद्यापीठ. या विद्यापीठाच्या पार्किंग खात्यात मी सतरा वर्षं काम करते आहे.

परमिट देणं, पैसे जमा करून घेणं, दंडाच्या पावतीविरुद्ध आलेले अर्ज वाचून पुढे पाठवणं आणि दिवसभर फोन घेणं, हे माझं काम. जुलै उजाडला की फोनवर एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी येतो. मुलगा पहिल्या वर्षाला येतोय, त्याला गाडी देऊ का? मुलगी एकटी राहणार, तिच्याजवळ गाडी असलेली बरी ना? कामाच्या नियमाप्रमाणे माझं उत्तर एका ओळीचं हवं: जागा आहे की नाही, भाडं किती, अर्ज कुठे करायचा. पण माझं आडनाव ऐकून समोरचा माणूस मराठीत शिरला की ते बोलणं खात्याचं राहत नाही. "ताई, आपलं माणूस म्हणून विचारतो," अशी सुरुवात होते. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांतलं पोर हायस्कूल संपवून आमच्याकडेच येतं.

पहिली काही वर्षं मी त्यांना पैशांचा हिशेब मांडून देत असे. लोकांची नजर परमिटच्या रकमेवर असते, पण वर्षाकाठी काहीशे डॉलरचं परमिट हा त्यातला लहान भाग. खरा बोजा विम्याचा. मूल शंभर मैलांहून लांब शिकायला गेलं आणि गाडी घरीच राहिली, तर अनेक विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात. गाडी मुलासोबत आली की ती सूट गेली. वर पेट्रोल, तेलबदल, टायर, हिवाळ्यातली दुरुस्ती. नवी गाडी बाळगायला वर्षाला सरासरी 12,297 डॉलर लागतात, असा 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संस्थेचा 2024 सालचा अंदाज आहे. घरातली दहा वर्षांची जुनी कोरोला एवढी खात नाही हे खरं, पण ती फुकटही चालत नाही. शिवाय सरकारी शैक्षणिक मदतीच्या हिशेबात प्रवासखर्च धरतात, गाडी विकत घेण्याचा खर्च धरत नाहीत. हे सगळं मी सांगायचे. समोरचे गृहस्थ लिहून घ्यायचे, मनापासून आभार मानायचे, आणि ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा गाडी घेऊन यायचा.

हिशेब चुकत नव्हता, मग ही माणसं ऐकत का नाहीत, हे मला चार-पाच वर्षं उमगलं नाही. नंतर मी बोलणं कमी करून ऐकायला लागले. फोन ठेवण्याच्या आधी जवळजवळ प्रत्येक आई किंवा बाबा एक वाक्य म्हणतात, आवाज किंचित खाली आणून: "म्हणजे कसं, शुक्रवारी वाटलं तर त्याला घरी येता येईल." गाडी द्यायची ती या वाक्यासाठी. ग्रोसरी, औषधं, रात्रीची सुरक्षितता ही कारणं खरी असतात, पण ती आधी बोलायची कारणं. पोटातलं कारण शेवटी येतं.

आणि माझ्या मते, गाडी न देण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच आहे.

आमच्या खात्यात अधूनमधून जागांची मोजणी होते. हातात तक्ता घेऊन एकेका लॉटमध्ये फिरायचं आणि किती जागा भरल्या, किती मोकळ्या, ते लिहायचं. एका ऑक्टोबरमध्ये माझ्या वाट्याला पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांच्या बाजूचा लॉट आला. गुरुवारी संध्याकाळी तो गच्च होता. शुक्रवारी पाच वाजता मी परत गेले तेव्हा मुलं पाठीला सॅक लावून, कपड्यांची जाळीची पिशवी ओढत गाड्यांकडे येत होती. अर्ध्या तासात माझ्यासमोर एकामागून एक गाड्या निघाल्या आणि इंटरस्टेट 57 च्या दिशेने वळल्या. रविवारी रात्री त्याच गाड्या परत आल्या. डिकी उघडली की आत घडी घातलेले धुतलेले कपडे आणि अन्नाचे डबे. मी तक्त्यावर आकडे भरत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: आठवड्याचे जे दोन दिवस या मुलांना गाव आपलंसं करायला मिळतात, ते दोन्ही दिवस ती गावात नसतात.

इथे वर्ष सुरू होण्याआधीच्या रविवारी 'क्वाड डे' असतो. विद्यापीठाच्या मधल्या मोठ्या हिरवळीवर शेकडो विद्यार्थी-मंडळं टेबलं मांडून बसतात. बुद्धिबळ, सौरगाडी, बाख, भांगडा, मक्याच्या जातींचा अभ्यास, काय हवं ते. मुलं दहा ठिकाणी नावं लिहून येतात. पण त्यातलं एखादं मंडळ खरंच आपलं होतं ते ऑक्टोबरातल्या एखाद्या कंटाळवाण्या शनिवारी. काही करायला नसतं, खोलीतला मित्रही रिकामा असतो, आणि दोघं उठून कुठेतरी जातात. तो कंटाळवाणा शनिवार मुलाच्या वाट्याला यायला हवा. ज्याच्या खिशात किल्ली आहे त्याच्या वाट्याला तो येत नाही, कारण कंटाळा आला की तो सव्वादोन तासांत आईच्या स्वयंपाकघरात असतो.

एका गृहस्थांचा फोन मला अजून आठवतो. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. परमिट रद्द करून उरलेले पैसे परत मिळतील का, असं विचारत होते. मी कारण विचारलं, कारण अर्जात ते भरावं लागतं. मुलगा विद्यापीठ सोडून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाणार होता. मग न विचारता त्यांनीच सांगितलं: पोरगा हुशार, मार्कही बरे, पण म्हणतो की मला इथे कुणी ओळखत नाही. सेमिस्टरभर एक शनिवार-रविवार सोडला तर प्रत्येक वेळी तो घरी आला होता. "आम्हाला तर बरंच वाटत होतं हो, येतोय म्हणून," ते म्हणाले. गाडीमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही; मुलाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर मी पैशांचा हिशेब सांगणं थांबवलं आणि शुक्रवारविषयी बोलायला लागले.

यामागे माझी स्वतःची एक जुनी सल आहे. मी तासगावची. सांगलीला विलिंग्डन कॉलेजात तीन वर्षं शिकले, सवलतीच्या पासावर रोज एसटीने जाऊन-येऊन. संध्याकाळची गाडी चुकवायची नाही, हा घरचा नियम. गॅदरिंगच्या तालमी सुरू व्हायच्या आणि मी वह्या गोळा करून स्टँडकडे निघायची. नाटकात घ्यायचं तर सहानंतर थांबावं लागेल, थांबशील का, असं एका बाईंनी प्रेमाने विचारलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. वसतिगृहातल्या मुलींची जी मैत्री झाली ती आज पन्नाशीतही टिकून आहे. त्यांच्या गप्पांत मी आहे, पण गेटपर्यंत. तेव्हा मला वाटायचं की ज्यांना रोज घरचं जेवण मिळत नाही त्या बिचाऱ्या. घरी न्यायला संध्याकाळी एसटी उभी असणं हे सुख होतंच. त्या सुखापायी काय गेलं, ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

गाडीचं एक वेगळं रूप जानेवारीत दिसतं. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर एका मुलाचा फोन आला, गाडी सुरूच होत नाही म्हणून. मदतीची गाडी घेऊन आमचा सहकारी निघाला होता, मला त्याच बाजूला काम होतं, मीही बसले. पारा शून्य फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपल्या मापाने उणे अठरा. लॉटच्या टोकाला बर्फाचा एक लांबट ढिगारा दिसत होता आणि त्याच्यापुढे तो मुलगा उभा होता, हातमोजे न घालता, दोन्ही हात काखेत दाबून. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर त्याने गाडी हलवलीच नव्हती. सुट्टीला घरी गेला तो मित्राच्या गाडीतून, कारण परीक्षेच्या शेवटच्या दिवशीही ती सुरू झाली नव्हती आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. नांगराने सारलेला बर्फ चाकांशी येऊन गोठला होता. वायपर काचेला चिकटले होते आणि त्यांच्याखाली नोव्हेंबरमधली पिवळी पानं अडकून काळी पडली होती. दाराची रबरी पट्टी फाटू नये म्हणून सहकाऱ्याने दार हळूहळू, वरून खाली दाबत मोकळं केलं. आत पुढच्या सीटवर अर्धवट प्यायलेली पाण्याची बाटली होती, तळापर्यंत गोठलेली. बॅटरीला केबल लावल्या, दहा मिनिटं थांबलो, इंजिन खोकलं आणि लागलं.

त्या मुलाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. रडला नाही, पण रडायच्या बेतात होता. मी विचारलं, गाडी कुठे कुठे नेतोस? म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांना सगळीकडे नेत होतो. नंतर लोक सारखे मागायला लागले म्हणून इथे लांब लावून ठेवली.

पहिल्या वर्षी मजल्यावर ज्याच्याकडे गाडी तो सगळ्यांचा ड्रायव्हर. पहिले दोन आठवडे त्यात गंमत वाटते. मग विमानतळावर सोड, दुकानात ने, रात्री एक वाजता खायला जाऊ या. नाही म्हणता येत नाही, कारण ओळखी नव्या असतात. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी किल्लीच मागतं. अपघात झाला तर इथे साधारणपणे विमा गाडीच्या मागे जातो. चालवणारा दुसराच असला तरी आधी गाडीमालकाच्या पॉलिसीला हात लागतो, आणि पुढच्या वर्षी वडिलांचा हप्ता वाढतो. ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलांपैकी काहींना अजून अठरा पूर्ण नसतात. इलिनॉयमध्ये सतरा वर्षांच्या चालकाला रविवार ते गुरुवार रात्री दहानंतर आणि शुक्रवार-शनिवारी अकरानंतर गाडी चालवता येत नाही, आणि परवान्याच्या पहिल्या वर्षात घरचे सोडून विशीखालचा एकच माणूस सोबत बसवता येतो. फोनवर हे सांगितलं की बहुतेक आईवडील गप्प होतात. परवाना काढताना हे वाचलेलं असतं, पण डॉर्मच्या रात्रीशी त्याचा संबंध जोडलेला नसतो.

दंडाविरुद्धच्या अर्जांतही गाडीचा हा ताप वाचायला मिळतो. अकरा मिनिटंच थांबलो होतो. मैत्रिणीचं सामान उतरवत होतो. पाऊस होता. खोटं कुणी बोलत नसतं. इथे जागाच इतकी मोजकी आहे की अकरा मिनिटंसुद्धा दुसऱ्या कुणाचीतरी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी फुकट पार्किंगची खरी किंमत या विषयावर 2005 मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. माझ्या खात्यात काम करणाऱ्याने ते वाचायलाच हवं. मजली पार्किंगमधली एक जागा बांधायला हजारो डॉलर लागतात, आणि ते कुणीतरी भरतं, बहुतेक वेळा गाडी नसलेलाही. आमच्या विद्यापीठात मॉरो प्लॉट्स नावाचं मक्याचं प्रायोगिक शेत आहे, 1876 पासून सलग चालू असलेलं. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून 1969 मध्ये शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. जमिनीच्या एका तुकड्याची एवढी कदर करणाऱ्या आवारात, आठवड्यातून दोनदा हलणाऱ्या गाडीला जागा देताना माझा हात आखडतो.

पहिल्या वर्षी गाडी नको, हे म्हणणारी मी पहिली नाही. 1920 च्या दशकात, फोर्डच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि मुलं त्या घेऊन येऊ लागली, तेव्हा आमच्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या गाड्यांवर बंदी घातली होती. मिशिगन विद्यापीठाने 1927 मध्ये तेच केलं. तेव्हाची कारणं अभ्यास बुडतो, अपघात होतात, मुलं-मुली बिघडतात अशी होती. शेवटचं कारण मला मान्य नाही. मुलांवर विश्वास ठेवायला हवा, हे मी या खुर्चीत बसून शिकले आहे. आज स्टॅनफर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना गाडी आणता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठातही त्यांना आवारात गाडी लावायला परवानगी नाही; तिथली शहर बस 2002 पासून सगळ्यांनाच मोफत आहे. नुसती बंदी घालून काही होत नाही, तिच्यासोबत बस द्यावी लागते, हे चॅपल हिलने नीट ओळखलं.

आमच्याकडे सरसकट बंदी नाही, पण बस आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. विद्यार्थ्यांच्या फीमधून थोडी रक्कम शहराच्या बससेवेला जाते आणि मग ओळखपत्रावर कुठलीही बस, कितीही वेळा. 22 नंबरची 'इलिनी' दिवसभर आवारातून फिरते. पिवळ्या लाइनने सव्हॉयच्या मोठ्या दुकानापर्यंत जाता येतं. रात्री उशिरा एकट्या मुलीला खोलीपर्यंत सोडणारी 'सेफराइड्स' आहे. शिकागोला 'इलिनी' आणि 'सलुकी' या दोन आगगाड्या आहेत, उपनगरांकडे शुक्रवारी खासगी बस निघतात. तासावर मिळणारी झिपकार विद्यापीठाच्या आवारात अठराव्या वर्षीही घेता येते. एरवी भाड्याच्या गाडीला पंचविशीखालच्यांकडून जादा आकार घेतात. फोनवरच्या आयांना मी हे सगळं सांगते. "पण ताई, त्याला बसची सवय नाही," असं उत्तर येतं. मी म्हणते, तुम्हाला होती ना? पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग बहुतेक वेळा हसू. डोंबिवलीची लोकल, स्वारगेटचा स्टँड, कोल्हापूरची रंकाळा बस असं काहीतरी आठवलेलं असतं.

एकदा मात्र माझं हे सगळं शहाणपण कमी पडलं, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. एक मुलगी स्वतः खिडकीशी आली. पहिलं वर्ष, राज्याच्या पश्चिमेकडच्या एका शेतकरी गावाची. लॉट भरले होते, प्रतीक्षायादी लांब होती. मी तिला बस, आगगाडी, शुक्रवार, सगळं ऐकवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या गावाला बस नाही. आगगाडी पण नाही. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. दोनदा शेजारची बाई नेते, शनिवारी मी नेते." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. माझ्या समोर तिचा अर्ज होता आणि त्यातल्या 'कारण' या रकान्यात 'कौटुंबिक' एवढाच एक शब्द. मी तो वाचून पुढे गेले होते.

तिचं परमिट त्या आठवड्यात झालं. ते नियमात बसतच होतं. मी आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी विचारते: घर कुठे आहे, घरी कोण वाट बघतंय, आणि का. पहाटे पाचच्या पाळीला रुग्णालयात काम करणारा मुलगा, चालताना त्रास होणारी मुलगी, आईला डायलिसिसला नेणारी मुलगी, यांना गाडी हवीच. सवयीचं घर आणि गरजेचं घर यांत फरक आहे, आणि तो रकान्यातल्या एका शब्दावरून कळत नाही.

मग 2022 साली माझीच पाळी आली.

आमचं घर सव्हॉयला, विद्यापीठापासून सहा-सात किलोमीटरवर. पहिल्या वर्षाच्या मुलांनी विद्यापीठाच्या किंवा विद्यापीठाने मान्य केलेल्या वसतिगृहात राहायचं असा इथला नियम आहे; आईवडिलांचं घर गावातच असेल तर त्यातून सूट मिळते. मुलगा म्हणाला, मला डॉर्ममध्ये राहायचंय. आम्ही हो म्हटलं. जुलैमध्ये एका रात्री जेवताना त्याने हळूच विषय काढला: "आई, जुनी कोरोला नुसती उभीच असते. मी नेऊ?" वर म्हणाला, "रात्री जेवायला घरी येता येईल मला."

त्याला माहीत होतं की कुठे बोट ठेवायचं. खरं सांगायचं तर मी आतून विरघळले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना जे समजावत होते ते माझ्याच ताटापुढे टिकेना. सात किलोमीटर तर आहे, शिकागो थोडंच आहे? आठवड्यातून दोन रात्री आला तर काय बिघडलं? मी हो म्हणणारच होते. हे ताटात भात कालवत होते, मान वर न करता म्हणाले, "तू फोनवर लोकांना काय सांगतेस ते एकदा त्याला पण सांग."

मी सांगितलं. थँक्सगिव्हिंगपर्यंत गाडी नाही, त्यानंतर पुन्हा बोलू. त्याने वाद घातला नाही, पण दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. ऑगस्टमध्ये त्याचं सामान आम्ही त्याच कोरोलातून पोचवलं आणि परत आल्यावर मी किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली. पुढचे चार आठवडे तो घरी आला नाही. रोज संध्याकाळी मी चार पोळ्या जास्त करत होते. हात ऐकत नव्हता.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी काही कागद द्यायला राइट स्ट्रीटवर गेले होते. भुरभुर पाऊस होता. बसथांब्यावर तो दिसला. चार जण एका छत्रीखाली घुसायची धडपड करत होते आणि छत्री उंच धरण्याचं काम त्याच्याकडे होतं, कारण सगळ्यांत उंच तो. त्याची एक बाही खांद्यापर्यंत भिजली होती. कुणीतरी काहीतरी बोललं आणि तो असा हसला, मान मागे टाकून, जसा तो घरी गेली दोन वर्षं हसला नव्हता. बावीस नंबरची बस आली, चौघं छत्री मिटायच्या गडबडीत एकमेकांवर आपटत चढले. मी हाक मारली नाही. कागद छातीशी धरून बस वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

थँक्सगिव्हिंगला तो बसने घरी आला, आणि त्याच्यासोबत मजल्यावरचा एक मित्र, ज्याचं घर टेक्सासमध्ये आणि चार दिवसांसाठी जाणं परवडणारं नव्हतं. दोघांनी मिळून वरणभात, बटाट्याची भाजी आणि उरलेला शिरा संपवला. ठरल्याप्रमाणे मी गाडीचा विषय काढला. मुलगा म्हणाला, "नको आत्ता. कुठे लावत बसू?" दुसऱ्या वर्षी गावाबाहेरच्या एका शेतावर त्याला उन्हाळी काम मिळालं, जिथे बस जात नव्हती. तेव्हा किल्ली मी स्वतः खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली.

यंदाच्या जुलैतही फोन येतील. ज्यांच्या घरी यंदा पहिल्या वर्षाचं मूल आहे त्यांना मी आत्ताच सांगते: घरात आजारी माणूस असेल, पहाटेची नोकरी असेल, मुलाच्या पायाला त्रास असेल, तर गाडी जरूर द्या आणि अर्जात कारण सविस्तर लिहा, एका शब्दात नको. बाकीच्यांनी ऑगस्टमध्ये मुलाकडून त्याच्या विद्यापीठाच्या बसचे नंबर तेवढे पाठ करून घ्यावेत. थँक्सगिव्हिंगला तो घरी आला की त्यालाच विचारा. तेव्हाही हवी म्हणाला तर द्या, पण डिकीत जंपर केबल आणि बर्फ खरवडायचा ब्रश टाका, आणि जानेवारीत आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा तास चालवायला सांगा.